ओकच्या कपाटातले बावीस

बुटक्याच्या उजव्या बुटावर काहीतरी पांढरं होतं.

गुरुवारची सकाळ होती, बस यायला अकरा मिनिटं होती, आणि हातात चहाचा मग घेऊन मी रोजच्यासारखा कपाटासमोर हजेरी घेत उभा होतो. कपाटात बावीस जण आहेत. सगळे शिशाचे, माझ्या अंगठ्याच्या दोन पेरांएवढे: सात बुटके, नऊ हिरवे राक्षस, तीन सांगाडे, एक जादूगार, एक शिंगांचा सरदार आणि एक अस्वलावर बसलेली बाई. तिचं अस्वल कुठूनही बघा, कुत्राच दिसतं. पांढरं बघून मला आधी धूळच वाटली. पण आमच्या कपाटात धूळ बसत नाही. ते माझ्या वडिलांनी केलेलं आहे. दार लावलं की आतली हवा दबल्याचा हलकासा आवाज येतो, आणि मग आत काही म्हणजे काही जात नाही. मी मग खाली ठेवला, दार उघडलं. आंबूस वास आला, कांद्याच्या जुन्या लोणच्याच्या बरणीला येतो तसा. हा वास चार वर्षं येतोय आणि चार वर्षं मी त्याला लाकडाचा वास म्हणतोय. कोरड्या ब्रशनं मी बुटावरचं पांढरं झटकलं, तर त्याच्याबरोबर बुटाचं टोकही आलं आणि पिठासारखं फळीवर सांडलं. बुटक्याला आता उजव्या पायाची बोटं नव्हती. तो मात्र कुऱ्हाड उगारून, तोंड वासून तसाच उभा होता, शत्रू समोरूनच येणार अशा खात्रीनं.

बस चुकली. मी एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासतो आणि चौकटीत बसवतो. तीस वर्षं हेच करतोय. काच घासताना मन मोकळं असतं, हा या नोकरीचा फायदा आणि हीच तिची शिक्षा. त्या दिवशी मी दुपारपर्यंत नऊ जोड्या केल्या आणि नऊही वेळा बुटक्याच्या बुटापाशीच गेलो. कीड लागलीय. आम्ही जुनी शिशाची चित्रं, म्हणजे हे असले छोटे पुतळे, जमवणारे लोक त्याला कीडच म्हणतो. पांढरी भुकटी धरते, आतून सुरू होते, रंगाखालून चालते, आणि वर दिसायला लागेपर्यंत आत बरंच संपलेलं असतं. मी दुसऱ्यांची पाहिली होती. कुणाच्या तळघरातला डबा, कुणाच्या बायकोनं ओल्या गराजमध्ये टाकलेली खोकी. बघून चुकचुकायचं आणि घरी येऊन आपली ठणठणीत आहेत याचा मनातल्या मनात आनंद मानायचा, इतका मी भला माणूस. माझी स्वतःची चारशेच्या वर आहेत. ती प्लास्टिकच्या खणांच्या पेटीत असतात आणि त्यांना काही झालेलं नाही. त्यांना काही झालं असतं तर एवढं वाटलं नसतं. कपाटातले बावीस माझे नाहीत. ते रसेलनं रंगवलेत.

रसेल म्हणजे माझा धाकटा भाऊ. एकोणीसशे शहाऐंशीच्या मार्चमध्ये दम्यानं गेला, तेव्हा सतरा वर्षांचा होता. त्या आधीची तीन वर्षं आम्ही दोघं दर शनिवारी नॉटिंगहॅमच्या बाजारात जायचो. ही भुतं आमच्याच शहरात ओतली जायची, त्याचा आम्हाला केवढा माज होता, जणू आम्हीच भट्टीवर उभे होतो. येताना बसमध्ये रसेल पुडी फोडायचा, नवीन शिसं चकचकीत असायचं, आणि तो ते तळहातावर वर-खाली करत वजन घ्यायचा. म्हणायचा, "ग्लेन, बघ, वजन आहे म्हणजे जीव आहे." मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून रंगवायचं. आता, डोळे रंगवायची एक रीत आहे आणि ती ज्याला त्याला आपोआपच सापडते: श्वास रोखायचा. टाचणीच्या डोक्याएवढ्या डोळ्यात काळा ठिपका टाकायचा तर हाताला छातीचासुद्धा धक्का चालत नाही. मी वीसपर्यंत श्वास धरायचो. रसेलला तीनपर्यंत जमायचं, चांगल्या दिवशी चार. तेवढ्यात दोन्ही डोळे आटपायचे, नाहीतर छाती शिट्टी घालायला लागायची. उजवा डोळा तो नीट टाकायचा. डावा घाईत जायचा, कुणाचा नाकाकडे, कुणाचा कानाकडे. बावीसच्या बावीस तिरळे. तेव्हा मी त्याला चिडवायचो, "तुझं सैन्य लढणार कुणाशी? अर्धं इकडे बघतंय, अर्धं तिकडे." तो म्हणायचा, "म्हणूनच कुणी मागून येऊ शकत नाही." पुढं माझा हात खूप चांगला झाला, स्पर्धेत बक्षिसं मिळाली, पण त्या बावीस डाव्या डोळ्यांना मी कधी ब्रश लावला नाही. त्या प्रत्येक डोळ्यात माझ्या भावाचा एकेक श्वास आहे आणि तो कुठं संपला तेही दिसतं.

वडील सुतार. क्लिफ हॅलम म्हटलं की आमच्या भागात अजून दोन-चार म्हातारे मान डोलावतात. चर्चची दारं, ओसऱ्या, जिने. घरी आले की भुवयांवरसुद्धा लाकडाची पूड असायची. डॉक्टरांनी रसेलला तपासून कधीतरी म्हटलं होतं की ही पूडही बरी नाही, तेव्हापासून डॅड मागच्या खोपटात कपडे काढून, थंडीतसुद्धा नुसत्या बनियनवर अंगण ओलांडून घरात यायचे. पुरेसं नव्हतं. अंत्यविधीनंतर लोक सँडविच खाऊन गेले, आई बशा विसळत होती, आणि पाठमोरीच म्हणाली, "ती तुझी पूड, क्लिफ." एवढंच. पुढं एकतीस वर्षं संसार केला दोघांनी, चांगला केला, पण ते वाक्य तिनं परत घेतलं नाही आणि डॅडनी कधी खोडलं नाही. रसेलच्या चित्रांना ते कधी हात लावायचे नाहीत. "कथलाचे शिपाई" म्हणायचे त्यांना, सुरुवातीला टिंगलीनं आणि नंतर हळू आवाजात. "तू ठेव ते कथलाचे शिपाई, पोरा. माझ्या हाताला पूड असते." निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी त्यांच्या हाताला पूड असायची.

चार वर्षांपूर्वी, आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात, त्यांनी फोन करून विचारलं, "त्या शिपायांतला सगळ्यात उंच केवढा?" मी मापं सांगितली. का, ते मला कळलं नाही. ऐंशी वर्षांचा माणूस, हात कापायला लागलेले, सात महिने खोपटात काय करत होता ते कुणालाच माहीत नव्हतं. मग एक दिवस शेजाऱ्याच्या व्हॅनमधून ते कपाट आलं. एका पाडलेल्या चर्चच्या बाकांचा ओक, तीस वर्षं जपून ठेवलेला. एक खिळा नाही. काचेची दारं अशी बसवलेली की पत्त्यांतलं पान फटीत जाणार नाही. डॅड धापा टाकत म्हणाले, "धूळ जाणार नाही आत. कणभर जाणार नाही. बघ तू." आणि माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांना असं बघताना आधी कधीच पाहिलं नव्हतं. शाळेत चित्र दाखवणाऱ्या पोरासारखे दिसत होते.

आणि मला माहीत होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही, पण मला त्या क्षणी माहीत होतं. सोळा वर्षांचा असताना एका उन्हाळ्यात मी डॅडबरोबर चर्चच्या ओसरीच्या कामावर गेलो होतो. छपराला ओकच्या फळ्या, वर शिशाचा पत्रा. पत्रा टाकायच्या आधी त्यांनी जाड डांबरी कागद अंथरला. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, "ओक शिशाला खातं, पोरा. आंबट असतं ते. शंभर वर्षं झाली तरी त्याची वाफ निघत राहते. मध्ये कागद नसला की पत्र्याचं पीठ होतं." मला शिकवणारा माणूस माझ्यासमोर उभा होता. त्याला फक्त एवढंच माहीत नव्हतं की हे शिपाई कथलाचे नाहीत. त्यानं एकही कधी हातात घेतला नव्हता. घेतला असता तर वजनावरून डोळे मिटूनही सांगितलं असतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "डॅड, काय सुंदर केलंय." मग मी स्वतःला समजावलं: जुनं लाकूड आहे, रंगावर वार्निश आहे, महिन्यातून एकदा दार उघडं ठेवू. डॅड दर रविवारी जेवायला येतात आणि आल्या आल्या दार घट्ट लागलंय का ते अंगठ्यानं दाबून बघतात.

गुरुवारी संध्याकाळी आमची मंडळी पबच्या वरच्या खोलीत जमते. सात-आठ पोक्त माणसं, पोटं सुटलेली, नाकावर दोन-दोन चष्मे, टेबलावर राक्षस. मी बुटक्याला कापसात गुंडाळून नेलं आणि मर्विनपुढं ठेवलं. मर्विन आमच्यातला वैद्य. त्यानं भिंग लावलं, बुटक्याला उलटं केलं आणि शीळ घातली.

"कुठं ठेवलं होतंस रे याला? लोणच्यात?"

"कपाटात."

"कशाच्या?"

मी सांगितलं. खोलीतले बाकीचेही माझ्याकडे बघायला लागले.

"लेका, तू नवशिका आहेस का? ओकमध्ये शिसं? चाळीस वर्षं काय नुसतं गवत उपटलंस? कुणी बनवलं ते कपाट, तुझ्या वैऱ्यानं?"

"माझ्या वडिलांनी."

मर्विननं बिअरचा घोट घेतला. वाईट माणूस नाही तो. म्हणाला, "हे बघ राजा, उपाय आहे, पण तुला आवडणार नाही. रंग पूर्ण उतरवायचा, कीड खरवडायची, मग नवा रंग. शिसं वाचेल. रंग तसाच ठेवलास तर आतलं जात राहील आणि एक दिवस नुसतं टरफल उरेल."

"कपाटातून काढलं तर?"

"वेग कमी होईल. लागलेली थांबेलच असं नाही. फोटो काढून ठेव आणि जसंच्या तसं रंगव. तुझ्या हाताला काय कठीण आहे? फरक कुणाला कळणार?"

शनिवारी मी ते करून पाहिलं. बुटक्यावर नाही, माझ्याकडच्या तशाच एका न रंगवलेल्या चित्रावर. लाल दाढी, निळं चिलखत, रसेलनं वापरला होता तसला जाडजूड रंग. सगळं जमलं. मग डोळे. उजवा झाला. डावा मुद्दाम नाकाकडे टाकला. तो तिरळा दिसेना. तिरळा काढलेला दिसायला लागला. पुसला. परत टाकला. पुसला. श्वास न रोखता टाकून पाहिला, मग तीन आकडे मोजून घाई केली, मग खुर्चीवरून उठून जिन्यावर चार वेळा वर-खाली धावलो आणि धाप लागलेली असताना टाकला. सत्तावन्न वर्षांचा माणूस, जिन्यावर धावतोय. डियान, माझी बायको, खालून म्हणाली, "ग्लेन, काय पाडतोयस का घर?" मी पायरीवर बसलो. छाती धडधडत होती, पण मला माहीत होतं की पुढचा श्वास येणार आहे. हे माहीत असताना तसा डोळा निघत नाही.

डियानला तेव्हा सगळं सांगितलं, चर्चच्या ओसरीचं सोडून. ती पायरीवर माझ्याशेजारी बसली. "क्लिफना सांगू नकोस," म्हणाली. "एका लाकडानं त्यांचा पोरगा नेला असं त्यांना चाळीस वर्षं वाटतंय. आता हे सांगितलंस तर ते खुर्चीतून उठणार नाहीत." मग म्हणाली, "पण चित्रं तरी बाहेर काढ."

"ते मोजतात. दर रविवारी मोजतात."

"मग काय करणार आहेस?"

बाहेर काढावीत तर डॅडचं कपाट रिकामं, आत ठेवावीत तर रसेल रोज थोडाथोडा फळीवर सांडणार. कीड सहा जणांपर्यंत पोचली होती. मी सगळ्यांची भुकटी मऊ ब्रशनं झाडली, बुटक्याचा तुटका बूट मागे जाईल असा त्याला वळवला आणि दार लावलं. हवा दबल्याचा आवाज आला. नीट बसलं दार, फार सुरेख काम आहे.

रविवारी साडेबाराला मी डॅडना त्यांच्या वृद्धाश्रमातून आणलं. घरात भाजलेल्या मांसाचा वास, ओव्हनमध्ये मांसाबरोबर खायची पावासारखी पुडिंगं फुगत होती, डियान रस्सा ढवळत होती. डॅडनी कोट न काढताच कपाटापुढच्या खुर्चीत बैठक मारली, अंगठ्यानं दार दाबलं आणि मोजायला लागले. गेल्या महिन्यात त्यांना नवा चष्मा मी स्वतः करून दिला होता. सगळ्यात चांगली काच घातली होती, घासताना दोनदा तपासली होती. त्यांनी एकवीस, बावीस म्हटलं, आणि मग नाक काचेला टेकवलं.

"धूळ आहे."

"नाही, डॅड."

"मला शिकवतोस? शिंगवाल्याच्या पायाशी बघ. पांढरी धूळ आहे." आवाज एकदम बारीक झाला. "आत कशी गेली? ती आत जाऊच शकत नाही, ग्लेन. मी ते दार अकरा वेळा काढून बसवलंय."

"मी पुसतो नंतर. चला, जेवण थंड होईल."

"पूड आहे ती," म्हणाले. "पूड."

आणि त्यांनी दार उघडलं. मी पुढं झालो, पण कुठं हात घालणार? ऐंशी ओलांडलेल्या बापाचा हात कसा धरायचा, ते मला कुणी शिकवलेलं नाही. त्यांनी बोटानं फळी पुसली, बोट बघितलं, नाकाशी नेलं. मग जे चाळीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. जवळचा बुटका उचलला. नेमका तोच. अंगालाच धरलं त्याला. आम्ही कुणी तसं धरत नाही, खालच्या चकतीला धरतो, पण त्यांना कोण सांगणार. तळहातावर घेतला आणि हात किंचित वर-खाली झाला. मला वाटलं कापतोय. कापत नव्हता. ते वजन घेत होते, रसेल बसमध्ये घ्यायचा तसंच.

स्वयंपाकघरात डियाननं ढवळायचं थांबवलं होतं.

"हे शिसं आहे," डॅड म्हणाले.

मी म्हणालो, "हो."

"सगळी?"

"सगळी."

त्यांनी कपाटाकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, एखादं दुसऱ्याचं काम तपासावं तसं. मग माझ्याकडे पाहिलं. ती ओसरी त्यांना आठवत होती की नाही, कोण जाणे. मला वाटतं आठवत होती. मला वाटतं तो डांबरी कागद आम्हा दोघांच्या मध्ये तिथं अंथरलेला होता. मी सांगायचं तेवढं सगळं जिभेवर आणलं: तुमची चूक नाही, मला ठाऊक होतं, मीच गप्प बसलो. त्यातलं एकही बाहेर पडलं नाही. डॅडच बोलले.

"तू त्या दिवशी म्हणालास, सुंदर केलंय."

"सुंदरच आहे, डॅड."

"हं," म्हणाले आणि बुटक्यावर मूठ मिटली.

जेवले ते डाव्या हातानं. डियाननं त्यांचं मांस बारीक कापून दिलं. उजवी मूठ टेबलावर, रश्श्याच्या भांड्याशेजारी, मिटलेली. मी तिच्याकडे बघत बसलो होतो. आमच्या छंदात पहिल्या दिवशी शिकवतात ते म्हणजे हे: शिसं हाताळलं की हात धुवायचे, आणि पांढऱ्या भुकटीला तर उघड्या हातानं शिवायचंच नाही, ते विष आहे. दुसरं हे की हाताच्या घामानं रंग जातो. त्या मुठीत दोन्ही चाललं होतं. "डॅड, द्या इकडे, हात धुवा," एवढं म्हणायचं होतं. मला ते जेवणभर जमलं नाही. परतताना गाडीतही नाही. ते काचेतून बाहेर बघत होते. वळणावर एकदाच म्हणाले, "डावा डोळा बघितलास का याचा? कुठं बघतोय?"

"तो सगळ्यांचाच तसा आहे."

"का?"

मी सांगितलं. श्वास रोखण्याचं, तीनपर्यंतचं, घाईचं. सांगता सांगता मी गाडी बाजूला घेतली. डॅडची छाती हलायची थांबलेली मी पाहिली, ते ओठांनी मोजत होते. एक. दोन. तीन. मग श्वास सोडला.

वृद्धाश्रमाच्या दारात ग्लोरिया उभी होती, तिथली सेविका, मोठ्या आवाजाची, मोठ्या मनाची. "आलात का माझे राजे? चला, चहाची वेळ झाली, आधी हात धुवायचे, मग केक!" डॅडनी मूठ माझ्यापुढं धरली आणि उघडली. मी बुटका चकतीला धरून उचलला. चिलखत होतं, डोळे होते. दाढीचा लाल रंग नव्हता. तिथं करडं शिसं उघडं पडलं होतं. लाल पापुद्रा त्यांच्या तळहाताच्या रेषेत चिकटून राहिला होता, आणि त्याच्याभोवती पांढरी पूड.

"द्या बरं हात, क्लिफ," म्हणत ग्लोरियानं ओला रुमाल पुढं केला.

डॅडनी मूठ पुन्हा मिटून कोटाच्या खिशात घातली.

"नंतर," म्हणाले.

ग्लोरियानं माझ्याकडे पाहिलं. मी सांगायला हवं होतं. मी बुटका घेऊन उभा राहिलो.